एप्रिल कोरा राहिला

माहूज (बहारीन), ९ डिसेंबर २०२४

अख्तर आपांना शरीफनचा सलाम.

हे पत्र वकारभाईंच्या हाती देते आहे. ते शुक्रवारी रजेवर निघतात. सोबत खजूर आहेत, दुधाची पावडर आहे आणि तुमच्या नातीला, ओवैसच्या मुलीला, मी शिवलेला फ्रॉक आहे. गळा थोडा मोठा ठेवलाय, वर्षभर चालेल. पत्राचा फोटो काढून ओवैसच्या फोनवर पाठवला तर लगेच मिळेल, असं वकारभाई म्हणाले. मी नको म्हटलं. फोनमधलं पत्र आधी घरभर फिरतं आणि मग तुमच्या हातात येतं. तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आपलं बोलणं कागदावर आलं. ते तिथंच बरं आहे.

आता कामाचं सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर कस्तुरी राहते, पुण्याची, अकाउंटंट आहे. मला मराठी पुस्तकं आणून देते तीच. तिनं एका बँकेचं पत्रक आणून दिलं. आपला पगार त्या बँकेत वळवायचा. दर महिन्याला निदान अडीचशे दिनार खात्यात आले पाहिजेत, असे सलग सहा महिने. मग बँक आपल्याला दीडशे दिनार बक्षीस देते. एक महिना चुकला तर काही नाही. शिलाईच्या दुकानात मला दोनशे साठ मिळतात, म्हणजे अट बसते.

पत्रक चौदा पानांचं आहे, इंग्रजीत. कस्तुरी म्हणाली, "एवढं कुणी वाचत नाही हो शरीफनताई, सही करायची आणि मोकळं व्हायचं." मी दोन आठवडे रोज एक पान वाचलं, अडलेला शब्द डिक्शनरीत बघून. मग सही केली. या महिन्यापासून पगार तिथं जमा झाला. मे महिन्यात सहा पुरे होतील आणि जूनमध्ये पैसे येतील.

त्या पैशांत तुमचं तिकीट आणि व्हिसा होईल, आपा. जानेवारीत तुमच्या भावाला जाऊन दोन वर्षं होतील. तुम्ही त्यांना आईसारखं वाढवलंत आणि त्यांची कबर तुम्ही पाहिलेली नाही. इथंही आपल्या बायका कबरस्तानाच्या आत जात नाहीत. पण फाटक लोखंडी जाळीचं आहे. तिथं उभं राहिलं की डाव्या हाताची रांग दिसते. मी दर शुक्रवारी तिथं उभी राहून फातिहा पढते. एकदा तुम्ही माझ्याबरोबर उभ्या राहा. ऊन उतरलं की ऑक्टोबरात या. पासपोर्टचं ओवैसला आत्तापासून बघायला सांगा.

तुमची
शरीफन


हर्णै, २ जानेवारी २०२५

शरीफनला अख्तरुन्निसाची दुआ.

पत्र पोचलं. खजूर चांगले होते, वाटून संपले. फ्रॉकचा गळा मोठा नाही, खूप मोठा आहे. दोन पोरी मावतील. सून म्हणाली टाचून देते.

बँकेचं वाचलं. दोनदा वाचलं. शरीफन, मी सातवीपर्यंत शिकले, पण एवढं मला कळतं की बँकेत पैसे ठेवून जास्तीचे पैसे मिळतात त्याला व्याज म्हणतात. नाव बक्षीस ठेवलं म्हणून ते बदलत नाही. आपल्या वाडीतल्या कादरनं मच्छीच्या लाँचीवर व्याजाचं कर्ज काढलं होतं, त्याच्याकडचं पाणी माझी सासू पीत नसे. त्या पैशाच्या विमानात बसून मी अन्सारच्या कबरीवर येऊ?

आणि येऊन बघायचं काय? जाळीचं फाटक? इथं आपलं कबरस्तान मागच्या दारातून दिसतं. अम्माची कबर मी भांडी घासताना बघते, अब्बांची बघते. तिसरी जागा चिंचेखाली होती, ती अजून मोकळी आहे. जाऊ दे.

बँक फुकट पैसे का देईल ते आधी मला सांग. आमच्या इथं तर बँक स्वतःचं पेनसुद्धा दोरीनं बांधून ठेवते.

गुडघा दुखतो. बाकी सगळे खुशाल.

अख्तरुन्निसा


माहूज, २६ जानेवारी २०२५

अख्तर आपांना सलाम.

तुमचं पत्र वाचलं. चिंचेखालच्या जागेबद्दल लिहिलंत, त्यावर काय लिहावं हे मला अजून सुचलेलं नाही. म्हणून बँकेचंच लिहिते.

मला स्वतःलाही शंका होती, म्हणून मशिदीत शुक्रवारी उर्दूत सांगणारे मौलवी आहेत, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बीवीकरवी विचारलं. त्यांनी विचारलं, तुमचे पैसे बँकेनं धरून ठेवलेत का? मी म्हटलं नाही, पगार आला की दुसऱ्या दिवशी सगळा काढला तरी चालतो, बँकेला तो फक्त त्यांच्या दारातून जायला हवा. शिल्लक किती याला महत्त्व नाही. मग ते म्हणाले, हे कर्ज नाही आणि व्याजही नाही, दुकानदार गिऱ्हाईक यावं म्हणून भेट देतो तसं आहे. पण मनाला पटत नसेल तर घेऊ नका. हे शेवटचं वाक्यही तुम्हांला सांगते, लपवत नाही.

फुकट का देते, तर त्याचं उत्तर कस्तुरीनं दिलं. ती म्हणाली, एकदा पगार तिथं यायला लागला की माणूस तिथंच कार्ड घेतो, तिथंच कर्ज काढतो आणि मग दहा वर्षं हलत नाही. दीडशे दिनारांत त्यांना सबंध माणूस मिळतो. मी म्हटलं, मी कार्ड घेणार नाही आणि कर्जही काढणार नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही त्यांचं नुकसान आहात." दोघीही हसलो.

आणखी एक सांगते. ज्यांचा पगार अटीपेक्षा कमी आहे असे लोक इथं एक युक्ती करतात. मित्राकडून महिन्यातून एकदा पैसे घेतात, खात्यात टाकतात आणि दुसऱ्या दिवशी परत करतात. बँकेला वाटतं कमाई आली. मला त्याची गरज नाही, माझा पगार पुरतो. तरी तुम्हांला शब्द देते. त्या खात्यात माझ्या शिलाईच्या पगाराशिवाय एक दिनारही जाणार नाही. तुम्ही माझ्या हातच्या टाक्यांवर बसून याल, दुसऱ्या कशावर नाही.

बावीस तारखेला दोन वर्षं झाली. मी दुकानातून सुट्टी घेतली होती, पण घरी बसवेना, म्हणून दुपारी कामावर गेले. सित्र्याच्या कंपनीची पिवळी बस आमच्या सिग्नलला थांबते. त्याच बसमध्ये कामाला जाताना त्यांना झटका आला. मी पूर्वी बस आली की मान फिरवत असे, आता बघते. खिडकीत माणसं झोपलेली असतात.

येणार का ते कळवा.

शरीफन


हर्णै, ४ मार्च २०२५

शरीफनला दुआ.

इथं तिसरा रोजा आहे. तुझ्याकडे एक दिवस पुढे असेल. पत्राला उशीर झाला, कारण हातात काही आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पासपोर्ट आला. ओवैसनं रत्नागिरीला नेलं. फोटो काढणारी मुलगी मला काहीतरी सांगत होती आणि मी मान हलवत होते. शेवटी तिनं उठून स्वतः माझी मान सरळ केली. फोटोत मी कुणाला तरी मारायला निघालेली दिसते. ओवैस म्हणतो, हा बघून बहारीनवाले घाबरून आत सोडतील.

मौलवींचं मी इथल्या पेशइमामांना विचारलं. तेही तेच म्हणाले. तू त्यांचं शेवटचं वाक्य लपवलं नाहीस, ते मला बरं वाटलं. तुझ्या मेहनतीचा पगार असेल आणि त्यावरची भेट असेल तर मी येईन. शब्द दिलास तो लक्षात ठेव.

तिथं फाटकापाशी बसायला जागा आहे का? गुडघ्यामुळे मला फार वेळ उभं राहता येत नाही.

अख्तरुन्निसा


माहूज, ३१ मार्च २०२५

आपा, ईद मुबारक. तुमच्याकडे आज, आमच्याकडे काल झाली.

तुम्ही येणार हे वाचलं आणि इफ्तारची वेळ झाली तरी माझं लक्ष नव्हतं. बसायला जागा नाही, पण मी घडीचा स्टूल बघून ठेवलाय, मच्छी पकडायला जाणारे नेतात तसा. पिशवीत मावतो.

रमजानमध्ये दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. इथल्या बायका ईदेला नवा जलाबिया, म्हणजे लांब झगा, शिवून घेतात आणि सगळ्यांना शेवटच्या दहा दिवसांतच आठवतं. माझ्या बाजूच्या मशिनवर तस्नीम बसते, हैदराबादची. ती म्हणाली, "चाची, आता मला स्वप्नातपण जरीच दिसते." पण मालकीण मनानं मोठी आहे. आमचा मार्चचा पगार खरं तर तीन एप्रिलला व्हायचा. तिनं सत्तावीस मार्चलाच टाकला, म्हणाली ईद हात रिकामे ठेवून करायची नसते. वर प्रत्येकीला दहा दिनार ईदी दिली. आम्ही पाचही जणींनी तिला दुआ दिली. राजन म्हणून आमचे हिशेब बघणारे आहेत, ठाण्याचे. ते तेवढे कुरकुरत होते, की आता पुढचा पगार मे महिन्यात, पाच आठवडे पुरवून वापरा. मी पुरवेन, मला सवय आहे.

बँकेचे पाच पगार झाले, एक राहिला. पत्रकाच्या मागच्या पानावर मी चौकोन आखलेत आणि त्यांत फुल्या मारते. मार्चचा पगार आला तशी मार्चची फुली मारली.

ईदेच्या नमाजनंतर फाटकाशी गेले होते. खूप गर्दी होती. पुरुष आत होते आणि बायका बाहेर गाड्यांत बसल्या होत्या. तुम्ही येणार हे मी डाव्या रांगेकडे बघत त्यांना सांगितलं.

शरीफन


हर्णै, १६ एप्रिल २०२५

शरीफन,

सून मला बॅग घेऊन आली, चाकांची. मी म्हटलं, ऑक्टोबर कुठं, एप्रिल कुठं. पण चार दिवस बॅग खोलीत उभी आहे आणि मी तिच्याकडे बघते.

काय आणायचं ते आत्ताच ठरवलं. मिरगुंडं, कोकमं, सुके सोडे आणि तुझ्यासाठी नागलीचं पीठ. अन्सारला आवडायचे ते तांदळाचे सांदणही केले असते, पण ते टिकत नाहीत आणि खाणारा नाही.

तू त्याला सांगितलंस असं लिहिलंस. मी अजून अम्माला सांगितलेलं नाही. मागच्या दारातून बघते आणि गप्प राहते. मी येते आहे, पण शरीफन, माझ्या मनात एक गाठ आहे. ती तिथं येऊन तुझ्यासमोर सुटली तर सुटेल. कागदावर नको.

अख्तरुन्निसा


माहूज, १ मे २०२५

अख्तर आपांना सलाम.

आज इथं कामगार दिनाची सुट्टी आहे, म्हणून सकाळपासून लिहिते आहे. दोन कागद फाडले. आता सरळ लिहिते.

चोवीस एप्रिलला फोनवर बँकेचा मेसेज आला, की या महिन्यात तुमच्या खात्यात काही जमा झालेलं नाही. मला वाटलं बँकेची चूक आहे. मी पत्रक काढून पुन्हा वाचलं. नवव्या पानावर लिहिलंय, प्रत्येक कॅलेंडर महिन्यात. हे मी नोव्हेंबरात वाचलं होतं आणि समजलंही होतं. पण माझ्या डोक्यात महिना म्हणजे पगार. मार्चचा पगार तो मार्चचा, तो कुठल्या तारखेला येतो याला मी महत्त्व दिलं नाही. फेब्रुवारीचा पगार तीन मार्चला आला आणि मार्चचा सत्तावीस मार्चला. बँकेच्या लेखी मार्चमध्ये दोन आले आणि एप्रिल कोरा राहिला. मालकिणीनं प्रेमानं केलं आणि मी आनंदानं फुली मारली.

दुसऱ्या दिवशी राजनसाहेबांकडे गेले. एप्रिलचा पगार तीस तारखेच्या आत होईल का, असं विचारलं. आजवर मी त्या टेबलापुढे काही मागायला उभी राहिले नव्हते. ते वाईट नाहीत. म्हणाले, मालकीण मक्केला उमऱ्याला गेली आहे, तिच्या सहीशिवाय मला दहा दिनारसुद्धा हलवता येत नाहीत. मी परत येऊन मशिनवर बसले. तस्नीमनं विचारलं काय झालं. मी सांगितलं, काही नाही, सुई तुटली.

कस्तुरीला मात्र सांगितलं. ती म्हणाली, एवढंच ना, मी अडीचशे टाकते, तुम्ही काढून परत द्या, पाच मिनिटांचं काम. मी तिला तुम्हांला दिलेल्या शब्दाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "शरीफनताई, बँकेनं तुमचं बक्षीस बुडवायला कॅलेंडर काढलं, तर तुम्ही तिला शब्द कसला देता?" मी म्हटलं, बँकेला नाही दिला. तिनं फोन बाजूला ठेवला. मला वाटलं तिला पटलं.

एकोणतीसला दुपारी फोन वाजला. खात्यात अडीचशे जमा झाले होते, कस्तुरीच्या नावानं. संध्याकाळी मी ते काढले आणि चौथ्या मजल्यावर जाऊन तिच्या हातात दिले. रागावले नाही, पण चहा घेतला नाही. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तुमच्या नणंदेनं यावं एवढंच माझ्या मनात होतं." तिचं मन मला ठाऊक आहे.

पण पैसे परत दिले तरी नोंद राहतेच. म्हणून काल दुपारच्या सुट्टीत मी बँकेत गेले. काउंटरवर निदा नावाची मुलगी होती, उर्दू बोलणारी. तिला सांगितलं, की एकोणतीस तारखेचे पैसे माझा पगार नाहीत, ते मोजू नका. तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"खालाजान, एप्रिल तर पूर्ण दिसतोय. तुम्हांला नक्की काय हवंय?"

"तो पूर्ण नाही. तेच सांगायला आलेय."

"लोक इथं येऊन भांडतात, की आमचा महिना मोजा. मोजू नका म्हणून आजपर्यंत कुणी आलं नाही. माझ्याकडे तसा फॉर्मसुद्धा नाही."

तिनं मागच्या केबिनमधल्या साहेबाला विचारलं. तोही हसला. शेवटी तिनं एका साध्या कागदावर माझं म्हणणं लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि कागद ट्रेमध्ये ठेवला. त्या कागदाचं काय होईल हे तिलाही माहीत नव्हतं. निघताना तिनं विचारलं, तुमचा मुलगा आहे का कुणी, समजावणारा? मी नाही म्हटलं.

आता असं आहे, आपा. मे महिन्यात माझा पगार दोनदा येईल. तीन तारखेला एप्रिलचा, आणि बकरी ईद सहा जूनला आहे म्हणून मालकीण मेचाही आधीच टाकेल. जूनमध्ये बक्षीस येईल किंवा येणार नाही. आलं तरी ते मी तुम्हांला सांगितलं होतं तसलं नसेल. तुम्ही म्हणालात शब्द लक्षात ठेव. मी ठेवला होता, आणि तो माझ्या हातून नाही तरी माझ्या खात्यात मोडला. मी हे लपवू शकले असते. इथल्या खात्यात काय झालं ते हर्णैला कोण बघणार. पण मग तुम्ही फाटकाशी माझ्या शेजारी उभ्या असताना मी डाव्या रांगेकडे बघू शकले नसते.

यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

शरीफन


हर्णै, २४ मे २०२५

शरीफनला अख्तरुन्निसाची दुआ.

तुझं पत्र वकारभाईंच्या मामेभावानं आणून दिलं. वाचलं आणि मग ओट्यावर जाऊन बसले. सुनेनं हातानं खुणा करून विचारलं, कुणी गेलं का. म्हटलं, नाही.

गाठ कागदावर नको असं मी लिहिलं होतं. पण तू एवढं लिहिलंस, आता मीही लिहिते.

तू अन्सारला तिथंच ठेवलंस, हे मी तुला माफ केलेलं नव्हतं. सकाळी गेला आणि असरच्या नमाजनंतर मातीही झाली. मला विचारलं नाहीस. चिंचेखालची जागा त्याची होती. मय्यत विमानातून येते, दाभोळच्या हमीदचा मुलगा कुवेतहून आला तसा. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, मी एक अक्षर लिहिलं नाही. तू बोलावलंस तेव्हा व्याजाचं निमित्त काढलं. व्याजाची भीती खरी होती, पण ती अर्धीच. अर्धं मला यायचंच नव्हतं. त्याला परक्या मातीत बघायचं नव्हतं.

आता तू जे लिहिलंस, की खात्यातला पैसा मोजू नका म्हणून सांगायला गेले, ते वाचून मला वाटलं, ही बाई मला न विचारता काही करेल का? मग मी तो दिवस पुन्हा आठवला. एवढे दिवस आठवला नव्हता, टाळला होता.

त्या दिवशी दुपारी ओवैस दापोलीला गेला होता, फोन घरी विसरून. फोनवर दिवा लागलेला मला दिसला. सून विहिरीवर होती. मी उचलला. कुणीतरी बोलत होतं एवढं कानाशी लागल्यासारखं वाटलं, पण मला काही कळलं नाही. मी काहीतरी बोलले आणि ठेवला. संध्याकाळी ओवैस आला तेव्हा दुसरा फोन आला, की दफन झालं. दुपारचा फोन कुणाचा होता, हे मी त्याला विचारलं नाही. फोनमध्ये नाव राहतं हे मला माहीत आहे. तरी विचारलं नाही.

शरीफन, तो फोन तुझा होता का? खरं सांग. त्या निदासमोर सांगितलंस तसं.

बक्षिसाचं मला आता काही विचारू नकोस. येईल नाही येईल, ते तुझं आणि बँकेचं. माझ्या कपाटात माझ्या कफन-दफनासाठी ठेवलेले पैसे आहेत, वीस वर्षं साठवलेले. ओवैसला सांगितलं, यातून तिकीट काढ. तो ऐकेना. मी म्हटलं, मी मेले तर मला असंच ठेवणार आहेस का? वाडी वर्गणी काढेल. तो हसला आणि रडला, दोन्ही एकदम. तिकीट ऑक्टोबरच्या नऊ तारखेचं आहे.

अख्तरुन्निसा


माहूज, १२ जून २०२५

अख्तर आपांना सलाम.

आधी बँकेचं. काल मेसेज आला. एप्रिलची जमा पगार म्हणून धरता येत नाही, कारण ती एका व्यक्तीकडून आली होती, म्हणून तुम्ही बक्षिसाला पात्र नाही. माझा कागद कुणी वाचला, की त्यांच्या मशिननं आपोआप पकडलं, हे मला कळलेलं नाही. कस्तुरी म्हणते मशिननं. मी निदाला विचारायला गेले नाही. कस्तुरीला फार वाईट वाटलं. तिनं पुन्हा दोन पुस्तकं आणून ठेवली दाराशी. मी चहाला बोलावलं तिला. तुमचा व्हिसा मी माझ्या पैशांतून काढते आहे. त्याला तुम्ही नाही म्हणू नका.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

हो आपा. तो फोन माझा होता.

हे तुम्हांला कधी सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. काल रात्री कस्तुरीला विचारलं, काय लिहू. ती म्हणाली, नाही म्हणून लिहा, यात कुणाचं काय बिघडतं. माझंही मन तिकडे झुकलं होतं. पण तुम्ही खरं सांग म्हणालात.

हॉस्पिटलचा माणूस म्हणाला होता, मय्यत पाठवायची तर कागदपत्रांना पाच-सहा दिवस लागतील, तोवर बर्फात ठेवावं लागेल. इथं दफन करायचं तर आज असरनंतर होईल. त्यानं मला अर्धा तास दिला. माझं असं कोण होतं विचारायला? मी ओवैसला फोन लावला आणि तुम्ही उचललात. मी म्हटलं, आपा, अन्सार गेले. तीनदा म्हटलं. मग विचारलं, पाठवू का इथंच ठेवू. तुम्ही म्हणालात, "ओवैस घरी नाही. मला ऐकू येत नाही गं. बाई आहेस ना, कोण आहेस? दुपार झाली, जेवून घे." आणि ठेवलात.

मी पुन्हा लावला नाही. लावता आला असता, सून विहिरीवरून आली असती. यात तुमचा दोष नाही आपा, मीच लावला नाही. तुम्हांला ऐकू आलं असतं आणि तुम्ही पाठव म्हणाला असता तर मी पाठवलं असतं का, हेही मला खरंच माहीत नाही. त्यांना पाच दिवस बर्फात ठेवायचं माझ्यानं झालं नसतं असं वाटतं. पण तुम्ही म्हणाला असता तर कदाचित ठेवलं असतं. ती गोष्ट माझी मलाही अजून कळलेली नाही. म्हणून तुम्ही माफ केलं नव्हतंत, ते मी चूक म्हणत नाही.

एक मात्र कुणालाच सांगितलेलं नाही, कस्तुरीलाही नाही. फोन ठेवल्यावर मी खाली हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गेले. डाळ-भात घेतला. ते वर चादरीखाली होते आणि मी खाली बसून सगळं ताट संपवलं. लोकांना कळलं असतं तर काय म्हणाले असते. दोन वर्षं मला स्वतःलाच कळत नव्हतं, की त्या दिवशी मी जेवले कशी.

तुम्ही जेवून घे म्हणालात, म्हणून मी जेवले. मग वर गेले आणि त्या माणसाला सांगितलं, इथंच.

तुमची
शरीफन